महिपतरावांची झील

ठाकुर्लीला माझं आता काही काम नसतं. तरी डोंबिवलीला नणंदेकडे गेले की येताना रिक्षा मुद्दाम त्या गल्लीतून घ्यायला लावते. जिथं 'श्रमसाफल्य' नावाची बिल्डिंग होती, तिथं आता पत्र्याचं कुंपण आहे आणि कुंपणावर स्विमिंग पूलचं चित्र आहे. मागच्या खेपेला रिक्षावाल्यानं विचारलं, "मॅडम, फ्लॅट बघायचाय काय? आतमध्ये माझ्या ओळखीचा आहे." मी म्हटलं, नाही रे बाबा, फ्लॅट आहे मला. त्यानं आरशातून माझ्याकडे जरा काळजीनंच पाहिलं.

त्या बिल्डिंगीत महिपतराव राहत होते. नात्याचे नाहीत, शेजारचे नाहीत, गावचे तर नाहीतच. ते माझ्या टीममध्ये होते. आजकालच्या मुलांना हे सांगितलं तर ती म्हणतील, त्यात काय एवढं. पण माझ्या वयाच्या बाईला पन्नाशी उलटल्यावर वर्गमित्र मिळाला, आणि तोही साठी ओलांडलेला, ही काय रोज होणारी गोष्ट आहे?

कोर्स होता 'सहकारी गृहनिर्माण संस्थांचा कारभार'. एका वर्षाची पदविका, सगळं ऑनलाइन. मी तिथं का गेले, तर आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या चेअरमनची जिरवायला. खोटं कशाला बोलू? तो माणूस प्रत्येक सभेत कायद्याचं कलम तोंडावर फेकायचा आणि मला ते कलम खरं की खोटं कळायचं नाही. ऋजुता मॅडम म्हणून एक तरतरीत मुलगी शिकवायची. तिनं पहिल्याच आठवड्यात आमच्या टीम पाडल्या. दर विषयाला टीमनं मिळून एक प्रकल्प करायचा, प्रत्येकानं एक प्रकरण लिहायचं, आणि मार्क सगळ्यांना सारखे. ठाणे ते कल्याण पट्ट्यातले आम्ही चौघं एकत्र आलो. मी दामले, ठाण्याची. साकेत, डोंबिवलीचा पोरगा, सोसायट्यांची बिलं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. संचिता, कल्याणची, नुकतीच बी.कॉम. झालेली. आणि महिपतराव.

पहिल्या मीटिंगला महिपतरावांचं फक्त कपाळ दिसलं. वर फिरणारा पंखा आणि खाली कपाळ. साकेत म्हणाला, "काका, फोन जरा खाली करा ना." तर फोन खाली गेला आणि आम्हाला बनियन दिसला. मग आतून एका बाईचा आवाज आला, "अवो, शर्ट तरी घाला, शाळा हाय ना ती!" त्या रंगूबाई, त्यांची बायको. पुढं वर्षभर त्या आम्हाला कधी दिसल्या नाहीत, ऐकू मात्र दर मीटिंगला आल्या.

महिपतराव मूळचे संगमेश्वरकडचे. वागळे इस्टेटमधल्या एका प्रेसशॉपमध्ये, पत्र्याचे सुटे भाग दाबून काढण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर सोसायटीत कोणीच सेक्रेटरी व्हायला तयार नव्हतं, म्हणून यांच्या गळ्यात माळ पडली. आता बिल्डिंग पाडून नवी बांधायचं घाटत होतं आणि रोज कोणीतरी दारात येऊन काहीबाही विचारायचं.

"बाकी आपल्याला काय नको," ते म्हणाले. "डिप्लोमा भिंतीवर लावायचा नाय. कोणी सवाल केला की मी फायलीत तोंड घालतो. ते बंद व्हायला पायजे. उठून उत्तर देता आलं पायजे, बस."

मला माणूस आवडला. त्यांची एक सवय मात्र आवडली नाही. ग्रुपवर कोणी काहीही टाकलं की लगेच खाली त्यांचं उत्तर हजर. 'वाचलं, संचिता.' 'ऐकलं, साकेत.' 'वाचलं, दामलेताई.' मी तीन ओळींचा निरोप तीन भागांत पाठवला तर तीन वेळा 'वाचलं'. एकदा मीटिंगमध्ये मी वैतागून म्हटलं, "महिपतराव, दर वेळी हजेरी द्यायला हवी असं नाही हो."  तर आतून आवाज आला, "त्या मोठ्या बाई रागावल्या काय?" महिपतराव हळूच म्हणाले, "नाय नाय, त्यांचा आवाजच तसा हाय." मी ते ऐकलं हे त्यांना कळलं नाही, कारण फोन बंद कसा करायचा ते त्यांना अजून जमत नव्हतं.

आज त्या शनिवार-रविवारच्या दुपारी आठवल्या की जीव हुरहुरतो. संचिताच्या घरामागे कुठंतरी लाकडाची वखार होती, तिच्या बोलण्यात मध्येच करवत चालायची. साकेतची आई मीटिंगच्या वेळेलाच मिक्सर लावायची. माझ्याकडे आमचे हे मागून हळूच चहाचा कप सरकवायचे आणि त्यांचा हात तेवढा सगळ्यांना दिसायचा. साकेत म्हणायचा, "काकांचा हात आला, म्हणजे चार वाजले." चार घरं अशी एकमेकांत उघडी पडलेली असायची आणि त्याची लाज वाटायची नाही. आता माझ्या फोनवर शंभर ग्रुप आहेत, पण दुपारी चारला कोणी वाट पाहत नाही.

आमची टीम पहिली आली. एकदा नव्हे, लागोपाठ दोनदा. मॅडम इतर टीमना सांगायची, यांच्यासारखं काम करा, भांडण नाही, उशीर नाही. मीही खुश होते. मला वाटायचं, हा माझ्या शिस्तीचा परिणाम. भांडण का होत नव्हतं, हे मात्र मला पुढं कळायचं होतं.

महिपतरावांच्या वाट्याला 'नामनिर्देशन' हे प्रकरण आलं. साध्या भाषेत सांगायचं तर सभासद वारल्यावर त्याच्या खोलीचं काय, नॉमिनी म्हणून ज्याचं नाव दिलंय त्याचा हक्क किती. त्यांनी ते रात्रंदिवस खपून लिहिलं आणि साकेतकडे पाठवलं. साकेत सगळ्यांची प्रकरणं एकत्र करून मॅडमला पाठवायचा. मार्क आले, वीसपैकी अठरा. महिपतरावांनी ग्रुपवर पेढ्याचं चित्र टाकलं. आम्ही तिघांनी 'वाचलं, महिपतराव' असं उत्तर दिलं, त्यांची थट्टा म्हणून. त्यांना फार आवडलं ते.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या बिल्डिंगीत एक प्रसंग आला. त्यांच्याच मजल्यावर हेमा नावाची विधवा राहायची, एका शाळकरी मुलीला घेऊन. नवरा रघु दोन वर्षांमागं गेलेला. रघुनं खोली लग्नाआधी घेतलेली आणि तेव्हा नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचं, कुंडलिकचं नाव दिलेलं. लग्नानंतर ते बदलायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कोणाच्याच येत नाही. आता नव्या बिल्डिंगीत कोणाला फ्लॅट मिळणार त्याची यादी सभेत पास व्हायची होती, आणि कुंडलिक विचारायला आला, "खोली कोणाच्या नावावर लागणार?"

महिपतराव या वेळी फायलीत तोंड घालायला गेले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि हेमाच्या देखत त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं, "कायदा असा हाय, नॉमिनीत ज्याचं नाव त्याची खोली. माझं प्रकरणच हाय त्यावर. अठरा मार्क हायत."

बाई बिचारी काय बोलणार? सेक्रेटरी सांगतोय, शिकलेला सांगतोय, आणि शिवाय महिपतराव म्हणजे तिच्या लेखी वडीलमाणूस. दोन दिवसांनी तिनं कुंडलिकला साध्या कागदावर लिहून दिलं की माझी हरकत नाही. कुंडलिकही काही राक्षस नव्हता. कायदाच आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर माणूस नको कशाला म्हणेल?

हे सगळं महिपतरावांनी आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगितलं, मीटिंगमध्ये. "आज पहिल्यांदा मी उठून उत्तर दिलं." मी म्हटलं, शाब्बास. माझं प्रकरण वेगळं होतं, त्यांचं मी वाचलंसुद्धा नव्हतं.  संचिता म्हणाली, तिचं नेट जातंय, आणि ती गेली. साकेतचंही गेलं.

पुढच्या शनिवारी वर्ग भरला. सगळ्या टीम मिळून चाळीस-एक माणसं पडद्यावर. मॅडम म्हणाली, "नॉमिनीच्या बाबतीत बहुतेक सगळ्या टीम चुकल्या. फक्त महिपतरावांनी अगदी नेमकं लिहिलंय. मी वाचून दाखवते. नॉमिनी हा मालक नसतो, तो वारस ठरेपर्यंत सांभाळणारा असतो, मालकी कायदेशीर वारसांची. महिपतराव, हे तुम्ही सगळ्यांना समजावून सांगाल का?"

मी त्यांच्या चौकोनाकडे पाहत होते. आधी चेहऱ्यावर हसू आलं, कौतुक होतंय म्हणून. मग ते वाक्य आत पोहोचलं असावं. हसू तसंच राहिलं आणि डोळे वेगळेच झाले. मनात आणलं असतं तर त्या माणसाला मान डोलावून वेळ मारून नेता आली असती. चाळीस जणांसमोर मॅडम वाखाणत होती. दुसरा कोणीही तेच करता.

"मॅडम," ते म्हणाले, "ते मी लिवलेलं नाय. मी उलट लिवलेलं. नॉमिनी तोच मालक, असं लिवलेलं मी. आन मी तसंच सांगून आलोय एका बाईला."

एवढं बोलून त्यांनी फोन खाली ठेवला आणि ते उठून गेले. फोन सुरूच होता. पडद्यावर नुसता पंखा फिरत होता. बाहेर दार वाजल्याचा आवाज आला, मग जिन्याजवळून महिपतरावांचा आवाज, "हेमा, ए हेमा, दार उघड गो! मी चुकीचं सांगितलंय तुला!" मग रंगूबाईंचा आवाज, मग कोणीतरी रडायला लागलं. चाळीस माणसं ऐकत बसली होती. मॅडमनं शेवटी वर्ग बंद केला.

संध्याकाळी आम्ही चौघं पडद्यावर आलो. संचितानं रडत रडत सांगितलं. काकांचं प्रकरण चुकीचं होतं, हे साकेतला पहिल्या वाचनातच कळलं होतं. पण सांगायचं कसं? वयानं एवढे मोठे, एवढं मेहनतीनं लिहिलेलं, त्यांना वाईट वाटेल. म्हणून दोघांनी बसून ते परस्पर बदललं आणि पाठवून दिलं. पहिल्या प्रकल्पापासून हेच चाललेलं. अळीमिळी गुपचिळी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अरे, माणसाला मखरात बसवलंत तुम्ही! आदर म्हणतात याला? त्यांना शिकायचं होतं, तुम्ही त्यांना आरती ओवाळलीत! चूक दिसली तर तोंडावर सांगायची, एवढी साधी गोष्ट—"

"काकू," साकेत मध्येच म्हणाला, "तुमचं पण करतो आम्ही."

"काय करता?"

"तुमची प्रकरणं पण चेंज करतो. भाडेकरूवालं तर आख्खं नवीन लिहिलेलं. काकांना वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हतो. तुम्हाला... यार काकू, तुम्हाला कोण सांगणार? पहिल्या मीटिंगला संचिता एक करेक्शन सांगायला गेलेली, तर तुम्ही तिला बोललात, 'मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये.' त्यानंतर तिनं तुमची एक तरी चूक काढली का बघा."

 आमचे हे मागून चहा सरकवत होते, तो हात तसाच मागे गेला. आणि मग कोणीतरी हसायला लागलं. ते महिपतराव होते. दिवसभर रडवेला झालेला तो माणूस पोट धरून हसत होता. "ताई," ते म्हणाले, "म्हणजे मखरात आपण दोघं शेजारी शेजारी!"

मला रागही येत होता आणि हसूही. शेवटी हसू जिंकलं.

मग महिपतरावांनी आम्हाला झीलकऱ्याची गोष्ट सांगितली. त्यांच्या गावाकडं गणपतीत शक्ती-तुऱ्याचं नाच-गाणं असतं. शाहीर पुढं गातो आणि मागं उभे असलेले त्याची ओळ उचलून पुन्हा म्हणतात. त्याला झील धरणं म्हणतात. महिपतराव तरुणपणी शिवराम नावाच्या शाहिराच्या मागं झील धरायचे. मुंबईत आल्यावरही दर गणपतीला रजा टाकून जायचे. आवाज बेताचा, म्हणून शाहीर कधी झाले नाहीत. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं.

"झीलकऱ्याचं काम काय?" ते म्हणाले. "एक, गाणाऱ्याला कळलं पायजे की मागं माणसं हायत. म्हणून मी तुमाला 'वाचलं, ऐकलं' करतो. गाणारा गातोय आन मागं सामसूम, तर त्याचा गळा बसतो हो. आन दुसरं. शाहीर शब्द चुकला, तर आपण चुकीचा शब्द उचलायचा नाय. गप पण ऱ्हायचं नाय. आन नंतर पडवीत बोलवून कानात पण सांगायचं नाय. बरोबर शब्द उचलायचा, त्याच चालीत, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. शिवराम दुसऱ्या फेरीला आपोआप नीट गायचा. त्याला कधी राग आला नाय. राग कसला? गाणं सगळ्यांचं."

थोडं थांबून ते म्हणाले, "तुमी पोरांनी माझी झील धरली नाय. तुमी माझ्या जागी गायलात. आन मी आपला समजतोय की माझाच आवाज."

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. साकेत कितीतरी वेळ मान वर करेना.

मॅडमनं आमचे त्या प्रकल्पाचे सगळे मार्क काढून घेतले आणि बजावलं की शेवटच्या तोंडी परीक्षेत मी कोणालाही कोणतंही प्रकरण विचारीन. त्याचं आम्हाला तेव्हा काही वाटलं नाही. डोक्यात दुसरंच होतं. हेमानं लिहून दिलेल्या साध्या कागदानं तिची मालकी जात नव्हती, हे मॅडमनं सांगितलं. पण सभेत कुंडलिकच्या नावानिशी यादी पास झाली असती, तर त्या बाईला पुढं कोर्टाची पायरी चढावी लागली असती, आणि तिच्यात ते बळ नव्हतं. कुंडलिक म्हणत होता, सेक्रेटरीनं एकदा सांगितलं ते सांगितलं, आता शब्द फिरवायचा नाही. म्हणजे सभेत उठून, सगळ्यांसमोर, महिपतरावांनाच सांगावं लागणार होतं की मी चुकलो आणि बरोबर काय ते हे असं.

सभेपर्यंत आम्ही रोज दुपारी चारला बसलो. एकानं एक वाक्य म्हणायचं, बाकीच्यांनी ते उचलायचं. बरोबर असेल तर तसंच, चुकीचं असेल तर दुरुस्त करून. सॉरी काका नाही, खाजगी मेसेज नाही. पहिली पाळी माझी. मी ठणकावून म्हटलं, "भाडेकरू ठेवला तर सोसायटी वाटेल तेवढं शुल्क लावू शकते."

तीन आवाज आले, "वाटेल तेवढं शुल्क लावू शकत नाही!" सगळ्यात मोठा आवाज संचिताचा.

मी कॅमेरा बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला, तोही उगाच जास्त उकळला. परत आले तर तिघंही तिथंच. महिपतराव म्हणाले, "झाला चहा? चला ताई, दुसरी फेरी." आणि मी, जिनं सासूचं ऐकलं नाही आणि साहेबाचंही नाही, ते वाक्य नीट म्हटलं.

काय मजेचे दिवस होते ते! साकेतचीही खोड मोडली, त्याला वाटायचं फोनवर शोधून सापडलं म्हणजे आलं. संचिता तर अशी फुलली की ती बोलायला लागली की वखारीची करवत ऐकू येईनाशी झाली. महिपतरावांचं मात्र एकच अडायचं. नॉमिनीचं वाक्य. आयुष्यभर डोक्यात बसलेलं, 'नॉमिनी हा मालक.' दहादा बरोबर म्हणायचे आणि अकराव्यांदा जीभ जुन्या रस्त्यानं जायची. आम्ही तिघं मोठ्यानं उचलायचो. "नॉमिनी मालक नाही, नॉमिनी सांभाळणारा, मालकी वारसांची." चारला बसलेलो, ती दिवेलागण व्हायची, आतून फोडणीचा आवाज यायचा आणि रंगूबाई म्हणायच्या, "आज तरी संपवा, भाकऱ्या निवतात."

सभा रविवारी सकाळी होती. महिपतरावांनी तिथल्या चेअरमनची परवानगी काढून आम्हाला पाहुणे म्हणून बोलावलं होतं. बसायचं, पण बोलायचं नाही, या अटीवर. वर्षभर चौकोनात पाहिलेली माणसं त्या दिवशी मी पायांसकट पाहिली. साकेत ताडमाड उंच निघाला. संचिता माझ्या खांद्याला लागत होती आणि तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा मी तिला जवळ घेतलं. महिपतराव अगदी ठेंगणे होते.  एवढासा माणूस आणि एवढ्या लोकांसमोर उभा राहणार.

बिल्डिंगीच्या खाली मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. बायका जिन्याशी घोळक्यानं उभ्या होत्या, नेहमीप्रमाणे. हेमा एका टोकाला, मुलीचा हात धरून. यादीचा विषय निघाला आणि कुंडलिक उठला.

"सेक्रेटरीसाहेब, गेल्या महिन्यात तुमीच मला सांगितलंत ना, नॉमिनी तो मालक? वहिनीसमोर सांगितलंत. वहिनीनं लिहून पण दिलंय. आता माझ्या नावापुढं प्रश्नचिन्ह कशाला?"

महिपतराव उभे राहिले. "सांगितलेलं. मी चुकीचं सांगितलेलं."

लोकांत चुळबुळ झाली. मागून कोणीतरी हसलं.

"मग बरोबर काय ते सांगा की," कुंडलिक म्हणाला. "का उद्या तिसरंच सांगणार?"

"नॉमिनी हा..." महिपतराव म्हणाले. घसा खाकरला. "नॉमिनी हा मालक..."

आणि थांबले. जीभ गेली जुन्या रस्त्यानं. माझ्या शेजारी साकेतनं खुर्चीचा हात घट्ट धरला. संचितानं तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरली. मला तर ते वाक्य ओठांवर येऊन टोचत होतं. पण आम्ही पाहुणे होतो. आम्ही बोललो असतो तर कुंडलिकला हवं तेच मिळालं असतं, बाहेरची माणसं आणली म्हणून सभाच उधळली असती. हेमाची मान खाली गेली. झालं, आता सगळं संपलं असं मला वाटलं.

तेवढ्यात जिन्याकडून आवाज आला. मोठा, खणखणीत, चालीत.

"नॉमिनी मालक नाय! नॉमिनी सांभाळणारा! मालकी वारसांची!"

रंगूबाई. नऊवारीतली सावळी, किडकिडीत बाई. हीच ती, हे सांगावं लागलं नाही, आवाज आम्ही वर्षभर ऐकला होता. भाकऱ्या थापता थापता त्यांनी आमची प्रत्येक फेरी ऐकली होती. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत त्या नवऱ्यापुढं एक शब्द बोलल्या नव्हत्या, हे महिपतरावांनी मला नंतर सांगितलं. बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच दचकून पदर ओढून घेतला.

कुंडलिक हसला. "बघा! सेक्रेटरीला बायको शिकवते."

"होय," महिपतराव म्हणाले. आवाजात कंप नव्हता. "शिकवते. मी चुकलो आन ती बरोबर हाय. नॉमिनी मालक नाय. नॉमिनी सांभाळणारा. मालकी वारसांची. रघुची बायको आन रघुची पोर, ते त्याचे वारस. तू त्यांचा सांभाळणारा हायस, कुंडलिक. खोलीचा धनी नाय. आन तिनं लिहून दिलं ते माझ्या चुकीमुळं दिलं, हे पण लिहून घ्या."

कोणी हसलं नाही. कुंडलिक उभाच होता. त्यानं वहिनीकडे पाहिलं. हेमानं मुलीचा हात सोडला आणि ती दोन पावलं पुढं आली.  मग हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "भावजी, खोली माझी आणि पोरीची आहे. तुम्ही सांभाळणारे आहात."

 कुंडलिकनं खिशातून तिनं लिहून दिलेला कागद काढला, वहिनीच्या हातात दिला आणि खाली बसला.

मला रडू आवरलं नाही. साकेत वर आकाशाकडे बघत होता, म्हणजे त्याचंही तेच. संचिता तर उघड रडत होती. महिपतरावांनी मात्र आमच्याकडे पाहिलंच नाही. ते जिन्याकडे वळले आणि बायकोला म्हणाले, "रंगू, तिथं कशाला उभी? हितं ये, पुढं बस." पहिल्या रांगेतली एक खुर्ची त्यांनी स्वतः उचलून आपल्या टेबलाशेजारी मांडली, आणि ती बाई येऊन बसेपर्यंत सभेचं काम थांबवून ठेवलं.